कागदावरचे स्वर आणि पायांतला ताल

लोकनृत्याच्या धुना कोणी रचल्या हे बहुधा कोणासच ठाऊक नसते. त्या कोणामुळे वाचल्या हे मात्र कधी कधी तारीखवार सांगता येते. इंग्लंडातील मॉरिस नृत्याच्या बाबतीत ती तारीख २६ डिसेंबर १८९९ ही होय.

त्या दिवशी ऑक्सफर्डनजीकच्या हेडिंग्टन क्वॉरी गावची नाचणारी मंडळी, सेसिल शार्प हे संगीतशिक्षक ज्या घरी उतरले होते त्या घरासमोर आली. हा नाच मूळचा उन्हाळ्याच्या आरंभीच्या सणाचा. पण थंडीने बांधकामे बंद पडली होती, हाती पैसा नव्हता. म्हणून ही मंडळी अवेळीच पायांत घुंगरू बांधून निघाली होती. त्यांच्यात विल्यम किंबर नावाचा तरुण गवंडी कॉन्सर्टिना वाजवीत होता. दुसऱ्या दिवशी शार्पांनी त्यास बोलावून पाच धुना स्वरलिपीत उतरवून घेतल्या.

परंतु वहीत आले ते स्वर, नाच नव्हे. १९०५ मध्ये मेरी नील यांनी लंडनच्या एस्पेरान्स क्लबातील, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या मुलींना हे नाच शिकविण्याचे मनात आणले, तेव्हा वही पुरी पडेना. किंबरलाच लंडनला यावे लागले. पुढे नील आणि शार्प यांच्यात वाद माजला. नील यांना नाचातील आनंद महत्त्वाचा वाटे, शार्पांना बिनचूकपणा. १९११ मध्ये शार्पांनी इंग्लिश लोकनृत्य संस्था स्थापन केली आणि बिनचूकपणाच्या पक्षाची सरशी झाली.

हाच प्रश्न नॉर्वेत अधिक कठोरपणे उभा राहिला. टेलेमार्क प्रांतातील क्नूट दाले हा वृद्ध वादक हार्डांगर फिडल वाजवी. या वाद्यात वाजविण्याच्या तारांखाली, आपल्या सारंगीतल्या तरफांप्रमाणे, आपसूक झंकारणाऱ्या तारा असतात. आपल्याबरोबर आपल्या धुनाही मरतील, या भयाने दाले याने १८८८ मध्ये एडवर्ड ग्रीग यांस पत्र लिहिले. अखेर १९०१ मध्ये योहान हाल्वोर्सेन यांनी त्याच्याकडून सतरा धुना उतरवून घेतल्या, व १९०३ मध्ये ग्रीग यांची पियानोवरील रूपे प्रसिद्ध झाली. धुना वाचल्या खऱ्या. पण टेलेमार्कच्या ‘स्प्रिंगार’ नाचातील तीन मात्रा सारख्या लांबीच्या नसतात. पहिली दीर्घ, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. स्वरलिपीत मात्र तिन्ही समान दिसतात. हा हिशेब वादकाचा पाय ठेवतो. दालेच्या नातवाने, योहानेसने, तो गुरुमुखातून घेतला, म्हणूनच तो टिकला.

स्वीडनने येथे एक शहाणपणा दाखविला. नील्स आंदेर्सन यांनी आरंभिलेला ‘स्वेन्स्का लोतार’ हा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर ओलोफ आंदेर्सन यांनी पुढे नेला. १९२२ ते १९४० या काळात त्याचे चोवीस भाग निघाले व सुमारे आठ हजार धुना जमा झाल्या. धुनांबरोबर त्यात वादकांची नावे आणि त्यांचा परिचयही आहे.

आम्हांस या तिन्ही कथांतून एकच बोध होतो. कागदामुळे धून नष्ट होण्यापासून वाचते, पण तेवढ्याने ती जिवंत राहत नाही. संग्राहकाचे ऋण मोठे आहे, तथापि ज्याने ती धून घाम गाळून जपली त्या गवंड्याचे व त्या खेडूत वादकाचे ऋण त्याहून मोठे आहे. संग्रह सिद्ध झाला की विद्वानांचे काम संपते. शिकणाऱ्याचे मात्र तेथून सुरू होते, आणि त्यासाठी त्याला कोणा जाणत्याच्या पायांकडे पाहत बसावे लागते.