अल्पवयीनांवर प्रौढ म्हणून खटला

निर्घृण गुन्ह्याचा आरोप असलेल्या १६ ते १८ वर्षांच्या बालकावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची भारतीय कायद्यातील तरतूद.

१९८६ च्या बाल न्याय अधिनियमात मुलाची वयोमर्यादा १६ व मुलीची १८ वर्षे होती. २००० च्या अधिनियमाने ती दोघांसाठी १८ केली. डिसेंबर २०१२ च्या दिल्ली सामूहिक बलात्कार प्रकरणात एक आरोपी अल्पवयीन होता. त्याला कमाल तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येत होते. त्यानंतरच्या चर्चेतून बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ संमत झाला व १५ जानेवारी २०१६ रोजी अमलात आला.

किमान सात वर्षे कारावासाचा गुन्हा निर्घृण ठरतो. कलम १५ नुसार बाल न्याय मंडळ (पहा : बाल न्याय मंडळ) आरोपीची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करते. यासाठी मानसशास्त्रज्ञांचे साहाय्य घेता येते. मंडळाने प्रकरण वर्ग केल्यास बाल न्यायालय प्रौढ म्हणून खटल्याची गरज पुन्हा तपासते. दोषी बालकास वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत सुरक्षित स्थानी ठेवतात. त्यानंतर सुधारणेचा आढावा घेऊन मुक्तता किंवा कारागृहात रवानगी होते. फाशी व सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप कलम २१ ने वर्ज्य आहेत (पहा : देहान्त शिक्षा).

शिक्षेची किमान मर्यादा नसलेला, पण कमाल शिक्षा सात वर्षांहून अधिक असलेला गुन्हा निर्घृण ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात दिला. २०२१ च्या दुरुस्तीने अशा गुन्ह्यांचा ‘गंभीर गुन्हे’ या व्याख्येत समावेश केला.