गहुंज्याचे भाडेकरू

आम्हा लोणावळेकरांना पाहुणा लांबूनच ओळखू येतो. शनिवारी येतो, "काय हवा आहे हो तुमच्याकडे!" म्हणतो, चिक्कीचे दोन डबे बांधून घेतो आणि रविवारी संध्याकाळी घाट उतरतो. त्याच्यात कुणी जीव गुंतवीत नाही. हे शहाणपण क्रिकेटच्या बाबतीत मात्र माझ्या कामी आलं नाही.

२०१० च्या मार्चमध्ये आयपीएलच्या लिलावात सहारा समूहाने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरला घेतला. बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्यालाही हा आकडा दोनदा वाचावा लागला. संघाचं नाव पुणे वॉरियर्स इंडिया. नाव पुण्याचं, पण २०११ साली बिऱ्हाड नव्या मुंबईत! पुण्यात जागा शोधलेल्या प्रत्येकाला तेव्हा या संघाविषयी जिव्हाळा वाटला असेल. पुढे २०१२ च्या एप्रिलमध्ये आमच्या मावळात, गहुंज्याला, द्रुतगती मार्गालगत नवं स्टेडियम उघडलं आणि भाडेकरू राहायला आले.

मी लगेच टी-शर्ट घेतला. संघाचं प्रगतिपुस्तक असं : २०११ साली दहा संघांत नववा, २०१२ साली नऊ संघांत नववा, २०१३ साली नऊ संघांत आठवा. म्हणजे प्रगती होत होती, नाही असं नाही. पण त्याच २०१३ मध्ये बंगळुरूला ख्रिस गेलने आमच्याविरुद्ध ३० चेंडूंत शतक ठोकलं आणि नाबाद १७५ केल्या. पाठोपाठ मालकांचं आणि क्रिकेट मंडळाचं पैशांवरून बिनसलं आणि संघ गुंडाळला गेला. आमच्या हिने माझ्या टी-शर्टाची बदली स्कूटर पुसण्याच्या खात्यात केली.

२०१६ साली दुसरे भाडेकरू आले, रायझिंग पुणे सुपरजायंट्स. चेन्नई आणि राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आली होती, म्हणून पुण्याला आणि राजकोटला दोन वर्षांपुरतेच संघ मिळाले होते. करार सरळ होता. पण भाडेकरू मनमिळाऊ असला की करारातली तारीख कोण बघतो? कर्णधार साक्षात धोनी! त्या वर्षी दुष्काळ पडला. एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्या, असं उच्च न्यायालयाने सांगितलं. पाण्यापायी बिऱ्हाड हलवणं आपल्याला नवं नाही, पण हे थेट विशाखापट्टणमला गेले. आठ संघांत सातवे आले.

२०१७ साली त्यांनी नावातला शेवटचा 'स' काढून टाकला. कुणाला पत्रिका दाखवली होती, देव जाणे! पण गुण आला. स्मिथच्या हाताखाली, आपल्या पुण्याच्या राहुल त्रिपाठीच्या फटक्यांवर, संघ अंतिम सामन्यात पोचला. २१ मे, हैदराबाद. मुंबईच्या १२९. आम्हाला शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन झाल्या, तिसरी घेताना गडी धावबाद. एका धावेने हरलो.

नऊ वर्षांचे चिरंजीव जांभळट सदरा घालून बसले होते, ते तसेच रडत झोपले. मी म्हटलं, "अरे, पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष नव्हतंच. करार संपला, संघ विसर्जित. चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, मग आता आपण कुणाचे?"

खातं बंद करताना शिल्लक परत द्यावी लागते, एवढं मला ठाऊक. पोराची शिल्लक कुठल्या खिडकीवर मागायची?

२०१८ च्या एप्रिलमध्ये तिसरे भाडेकरू आले. कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे सामने गहुंज्याला हलले. चेन्नईहून सुमारे हजार माणसं खास गाडीने, पिवळे कपडे घालून, शिट्ट्या वाजवत पुण्यात उतरली. धोनीही पिवळ्यात! वॉटसनने १०६ काढल्या, राजस्थान हरलं. मी खेळ बघायचा सोडून त्या माणसांकडे बघत होतो. संघ दोन वर्षं नव्हता, आता मैदानही नव्हतं. ती मात्र होती.

अशीच माणसं ग्रीसमध्ये होऊन गेली. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, सोडून अथेन्सला आलेल्या निर्वासितांनी १९२४ साली क्लब काढला, त्याचं नाव एईके. त्यातला 'के' हा कॉन्स्टँटिनोपलचा. गाव सुटलं, ते त्यांनी एका अक्षरात जपलं. १९६८ च्या ४ एप्रिलला या क्लबाच्या बास्केटबॉल संघाने प्रागच्या स्लाव्हियाला ८९-८२ असं हरवून युरोपातला कप विनर्स कप जिंकला, तेव्हा जुन्या संगमरवरी स्टेडियममध्ये ८० हजारांच्या आसपास माणसं होती. वाणिज्य शाखेत आम्हाला 'ख्याती' नावाची मालमत्ता शिकवायचे; दिसत नाही, पण ताळेबंदात धरतात. ती ३७ कोटी डॉलरलाही लिलावात मिळत नाही. ४४ वर्षं साठवावी लागते.

परवा कपाट आवरताना तो जांभळट सदरा सापडला. हिने फडक्यासाठी हात पुढे केला. चिरंजीवांना आता मिसरूड फुटलंय, सदरा त्यांच्या खांद्यातही जात नाही. त्यांनी तो हिच्या हातातून काढून घेतला, "राहू दे गं," म्हणाले आणि घडी घालून परत आत ठेवला.

स्कूटर अजून मळकीच आहे.