काच की पत्रा : डबाबंद अन्नाचा इतिहास आणि वेष्टनाची निवड

अन्नपदार्थासाठी वेष्टन कसे निवडावे, हे पाठ्यपुस्तकांत बहुधा तक्त्याने सांगितलेले असते. एका रकान्यात पदार्थ, दुसऱ्यात साहित्य. हा तक्ता कोणत्या अनुभवांतून तयार झाला, ते प्रस्तुत घटकात पाहू.

निकोला आपेर हा पॅरिसमधील मिठाईवाला. रुंद तोंडाच्या जाड काचेच्या बाटल्यांत तो अन्न भरी, बूच तारेने आवळी आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवी. कृती छापून जाहीर करावी, या अटीवर १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. त्याने काच निवडली, कारण तिच्यातून हवा शिरत नाही. अन्न हवेने नासते अशी त्याची समजूत होती. सूक्ष्मजीवांचे कार्य लुई पाश्चर यांनी उलगडले ते १८६० च्या दशकात. म्हणजे कारणमीमांसा अपुरी, पण निवड योग्य! विज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते, याची नोंद घ्या.

त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँड यांनी पेटंट घेतले. त्यात काचेबरोबर कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचाही उल्लेख होता. थोड्याच काळात ब्रायन डाँकिन यांच्या बर्माँडसी येथील कारखान्यातून ब्रिटिश नौदलाला डबे जाऊ लागले. इंग्लंडने पत्रा का स्वीकारला? जहाजावर काच फुटते, हे एक कारण. दुसरे असे की, मुलामा दिलेला पत्रा बनवण्याचा धंदा वेल्समध्ये आधीच भरभराटीला आला होता. वेष्टनाच्या निवडीत पदार्थाइतकाच आसपासचा उद्योगही बोलतो. डबे मात्र छिन्नी-हातोड्याने फोडावे लागत. डबा उघडण्याच्या हत्याराचे ब्रिटिश पेटंट १८५५ चे आहे! अर्थात, तेव्हाचे मोठे गिऱ्हाईक नौदल होते आणि जहाजावर छिन्नी असतेच.

खरी किंमत मोजावी लागली ती पुढे. १८५२ च्या सुमारास स्टीफन गोल्डनर या ठेकेदाराने नौदलाला पुरवलेल्या मांसाच्या डब्यांची तपासणी झाली, तेव्हा डब्यांमागून डबे कुजलेले निघाले. संशय डब्यांच्या मोठ्या आकाराकडेही गेला. कारण समजायला सोपे आहे. डबा बाहेरून कितीही तापवला, तरी घट्ट मांसाच्या गाभ्यापर्यंत उष्णता हळूहळू पोहोचते. मोठा डबा स्वस्त पडतो, परंतु त्याच वेळात त्याचा गाभा कच्चाच राहतो. म्हणून वेष्टनाचा आकार आणि उष्णतेची प्रक्रिया यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. शिवाय त्या काळी डब्यांचे सांधे शिसेमिश्रित डाखाने जोडत. ते शिसे अन्नात उतरू शकते, हा धोका नंतर ओळखला गेला आणि सांधे वितळजोडाने होऊ लागले.

पुढचा प्रश्न डब्याच्या आतल्या बाजूचा होता. आम्लामुळे कथिल थोडेथोडे विरघळते. अननसासारख्या फिकट फळाला ते उपकारक ठरते, कारण त्यामुळे रंग काळवंडत नाही. म्हणून अशा फळांसाठी आत उघडा पत्रा चालतो. चेरी किंवा बीट यांचा लाल रंग मात्र त्याच कथिलाने उडतो, म्हणून तेथे लाखेसारखा लेप देतात. मासे, मांस व वाटाणे यांतील गंधकामुळे पत्र्यावर काळे डाग पडतात. त्यांना गंधकरोधी लेप लागतो.

अननसाचा डबा मिळाला, तर उघडून आत पाहा. आणि उरलेल्या फोडी दुसऱ्या भांड्यात काढा, कारण हवा लागली की कथिल अधिक वेगाने विरघळू लागते.