काखेतले पिस्तूल

१९५६ च्या मे महिन्यात ग्लासगोच्या जेफ्री बूथ्रॉइड यांनी इयान फ्लेमिंग यांना एक पत्र लिहिले. जेम्स बाँडच्या कादंबऱ्यांचे ते चाहते होते. पण पत्राचा विषय कथानक, शैली किंवा पात्ररचना हा नव्हता. बाँडच्या काखेत काय असते, याबद्दल त्यांची तक्रार होती. ०.२५ इंची बेरेटा हे त्यांच्या मते बायकांच्या पर्समध्ये शोभणारे पिस्तूल होते. त्याऐवजी त्यांनी स्मिथ अँड वेसन कंपनीचे छोट्या नळीचे ०.३८ चे रिव्हॉल्व्हर सुचवले आणि आणखी एक कळकळीची विनंती केली : रोजच्या वापरासाठी शोल्डर होल्स्टर नको.

फ्लेमिंग यांनी हे पत्र गांभीर्याने घेतले. १९५७ च्या 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह'मध्ये ऐन झटापटीत बाँडचे सायलेन्सर लावलेले बेरेटा अडकते. १९५८ च्या 'डॉक्टर नो'मध्ये त्या प्रकाराबद्दल वरिष्ठ त्याची कानउघाडणी करतात आणि मेजर बूथ्रॉइड या नावाच्या शस्त्रतज्ज्ञाला बोलावून त्याचे शस्त्र बदलतात. वाचकाने लेखकाला पत्र पाठवावे आणि पुढच्या कादंबरीत स्वतःच पात्र होऊन नायकाला उपदेश करावा, असा योग साहित्यात क्वचितच येतो. तथापि या लेखाचा विषय बूथ्रॉइड नव्हेत. एका जाणकाराला शोल्डर होल्स्टर नकोसे का वाटले, आणि त्याच्या आक्षेपांना न जुमानता कथा-चित्रपटांना ते इतके हवेसे का वाटले, हा खरा प्रश्न आहे.

आधी या वस्तूची कुळी पाहू. मराठीत तलवारीला म्यान आहे, बाणांना भाता आहे; पिस्तुलाच्या घराला मात्र आपण इंग्रजी शब्दच चालवतो. हे घर मुळात माणसाच्या अंगावर नव्हते. ते घोड्याच्या खोगिराला होते. १८४७ चे वॉकर कोल्ट हे रिव्हॉल्व्हर दोन किलोंहून अधिक वजनाचे होते. ते अंगावर बाळगणे अवघडच, म्हणून खोगिराच्या दोन्ही बाजूंना जोडीने लटकवत. शस्त्र हलके होत गेले तसे ते कमरेच्या पट्ट्यावर आले. तिथून ते कोटाच्या आत, काखेखाली गेले, याचे कारण केवळ वजन नव्हते. इथे कायद्याने हस्तक्षेप केला.

अमेरिकन यादवी युद्धानंतर, १८७१ साली, टेक्सासने पिस्तूल अंगावर बाळगण्यावर निर्बंध आणले. प्रवासी, सरहद्दीचे जिल्हे आणि हल्ल्याची सार्थ भीती असलेली माणसे यांना सवलत होती. इतरांना गुन्हा लागे. कायद्याने शस्त्रे नाहीशी झाली नाहीत. त्यातली बरीच कपड्यांआड गेली. गुरांच्या व्यापारातून उभी राहिलेली गावे मोठी होत होती, तिथे दुकाने, बँका, न्यायालये येत होती, आणि कमरेला लोंबणारे रिव्हॉल्व्हर सभ्य माणसाला न शोभणारे ठरत होते. खोगीर बनवणाऱ्या कारागिरांनी मग कातडी पट्ट्यांची नवी रचना केली : एका खांद्यावरून पट्टा, दुसऱ्या काखेखाली खोबण, आणि वरून कोट. शोल्डर होल्स्टर हे असे शहर आणि कोट यांचे अपत्य आहे. रानातल्या माणसाला त्याची गरज कमी होती.

त्याचे फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. बसलेल्या माणसाला कमरेचे पिस्तूल टोचते आणि चटकन हाती येत नाही. काखेतले मात्र खुर्चीत, गाडीत, खोगिरावर सारखेच सोयीचे. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने रणगाड्यांतील व विमानांतील सैनिकांना एम-३ नावाचे शोल्डर होल्स्टर दिले. अरुंद जागेत तासन्‌तास बसणाऱ्याच्या कमरेवर किलोभर वजनाचे ०.४५ चे पिस्तूल म्हणजे शिक्षाच. खांद्यावर ते वजन विभागले जाते. थंड प्रदेशात जाड कोटाखाली गाडलेल्या कमरेपर्यंत पोहोचण्यापेक्षा वरची दोन बटणे सोडून आत हात घालणे सोपे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोट नीट शिवलेला असेल तर समोरच्याला काही कळत नाही.

तोटेही तितकेच खरे. पहिला तोटा म्हणजे कोट काढता येत नाही. उन्हाळ्यातही नाही, मित्राच्या घरीही नाही. दुसरा, हात छातीवरून पलीकडे न्यावा लागतो आणि शस्त्र तसेच आडवे परत आणावे लागते. या वाटेत नळीचे तोंड स्वतःच्या दंडावरून, शेजारी उभ्या असलेल्या निरपराध माणसावरून फिरू शकते. काही होल्स्टरांत पिस्तूल आडवे राहते, म्हणजे त्याची नळी सदैव पाठीमागच्या माणसाकडे रोखलेली. नेमबाजीच्या अनेक स्पर्धांत शोल्डर होल्स्टरला मनाई असते, ती यामुळेच. तिसरा तोटा अधिक सूक्ष्म आहे. समोरचा माणूस हातभर अंतरावर असेल तर तो आपला छातीवर आलेला हात नुसता दाबून धरू शकतो. शस्त्र आहे, पण अडकलेले.

अडकण्याचा हा प्रकार काल्पनिक नाही. टेक्सासचा कुप्रसिद्ध बंदूकबाज जॉन वेस्ली हार्डिन १८७७ साली फ्लोरिडातील पेन्सकोला येथे आगगाडीत पकडला गेला. टेक्सास रेंजर्सचा जॉन आर्मस्ट्राँग डब्यात शिरला तेव्हा हार्डिनने कपड्यांत लपवलेले रिव्हॉल्व्हर उपसायचा प्रयत्न केला, आणि ते त्याच्याच विजारीच्या गॅलिसमध्ये अडकले, असा किस्सा प्रसिद्ध आहे. ते काखेत नव्हते. पण लपवलेल्या शस्त्राची अडचण तीच. पुढे ८० वर्षांनी बाँडचे बेरेटा अडकले तेव्हा फ्लेमिंग यांना हा किस्सा ठाऊक असो वा नसो, त्यांनी एक जुनेच सत्य लिहिले होते : जी वस्तू दुसऱ्यापासून लपवायची, ती ऐनवेळी स्वतःपासूनही लपून बसते. मराठी माणूस याला काखेत कळसा म्हणेल.

सारांश, शोल्डर होल्स्टरचा सौदा सरळ आहे. वेग आणि सुरक्षितता थोडी सोडायची आणि त्या बदल्यात गुप्तता घ्यायची. हा सौदा तंत्राचा वाटतो, पण तो नीतीचाही आहे, आणि इथे इतिहासाने एक विलक्षण कोलांटी घेतली आहे.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत लपवलेले शस्त्र हे हीनतेचे लक्षण मानले जाई. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच त्याविरुद्ध कायदे केले. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५० च्या चँडलर खटल्यात म्हटले, त्याचा आशय असा की, उघड शस्त्र बाळगणारा पुरुषाला साजेशा स्वसंरक्षणाला तयार असतो, तर लपवणारा छुप्या फायद्याच्या आणि मारेकरीपणाच्या वाटेने जातो. हिंदीतून आपल्याकडे आलेल्या 'मुख में राम, बगल में छुरी' या म्हणीतही तोच निवाडा आहे. छुरीपेक्षा बगलेलाच तिथे अधिक दोष आहे. आज चित्र उलटे झाले आहे. २०२२ च्या ब्रूएन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला हा जुना इतिहास पुन्हा चाळावा लागला. तोवर बहुतेक राज्यांत लपवून शस्त्र बाळगणे हीच रीत होऊन बसली होती, आणि निम्म्याहून अधिक राज्यांत आता त्यासाठी परवान्याचीही गरज नाही. भर बाजारात उघडे पिस्तूल लावून फिरणाऱ्याकडेच लोक आता भयाने पाहतात. जे एकेकाळी मारेकऱ्याचे लक्षण होते, ते आज इतरांना न घाबरवण्याचे सौजन्य ठरले आहे. हे सौजन्य आहे की अधिक खोल अविश्वास, याचे उत्तर सोपे नाही. उघडे शस्त्र निदान समोरच्याला सावध होण्याची, दूर जाण्याची संधी देते. लपवलेले शस्त्र त्याला मैत्रीच्या भ्रमात ठेवते, आणि हळूहळू प्रत्येक कोटाकडे संशयाने पाहायला शिकवते.

साहित्याने यात काय केले? १९५३ च्या 'कसिनो रोयाल'मध्ये बाँड जुगारघरात जाण्यापूर्वी बेरेटा डाव्या काखेखाली चढवतो, वर कोट घालतो आणि आरशात पाहून खात्री करून घेतो की काहीही दिसत नाही. प्रसंग चार ओळींचा. पण त्यात कादंबरीकाराची एक युक्ती आहे. चेखव्हची बंदूक भिंतीवर सर्वांसमक्ष टांगलेली असते; पात्रांना ती दिसते, प्रेक्षकांनाही. बाँडचे पिस्तूल जुगाराच्या टेबलाशी बसलेल्या माणसांना दिसत नाही, ते फक्त बाँडला आणि वाचकाला माहीत आहे. वाचक त्या क्षणापासून त्याचा साथीदार होतो. चँडलर खटल्यातील न्यायमूर्तींनी ज्याला छुपा फायदा म्हटले, तोच फायदा कादंबरी वाचकाच्या पदरात टाकते. आणि फायदा आपल्या बाजूला असला की नीतीचा प्रश्न विचारावासा वाटत नाही. रहस्यकथेचा नायक आपल्याला आपला का वाटतो, याचे एक उत्तर त्या आरशात आहे.

चित्रपटाला ही युक्ती साधत नाही, कारण कॅमेऱ्याला न दिसणारी वस्तू प्रेक्षकालाही दिसत नाही. म्हणून पडद्यावर कोट उतरला. १९६८ च्या 'बुलिट'मध्ये स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोचे पोलीस अधिकारी डेव्ह टोस्की यांच्या होल्स्टरचे अनुकरण केले. सदऱ्यावरचे ते उलटे टांगलेले होल्स्टर हीच त्या पात्राची ओळख ठरली. लपवण्यासाठी जन्मलेली वस्तू मिरवण्याचा दागिना झाली.

शेवटी पुन्हा बूथ्रॉइड. कादंबरीतला मेजर सांगतो की नवे होल्स्टर डावीकडे विजारीच्या पट्ट्याच्या आत लावावे हे उत्तम, पण काखेखालीही चालेल. म्हणजे खऱ्या बूथ्रॉइड यांची विनंती अर्धीच मान्य झाली. शिवाय त्यात एक चूकही राहिली. त्यांनी सुचवलेले बर्न्स-मार्टिन होल्स्टर हे रिव्हॉल्व्हरसाठी होते. फ्लेमिंग यांनी त्यात वाल्थर पीपीके हे पिस्तूल घातले, जे त्यात बसतच नाही. जाणकारांनी ही चूक दाखवली, सामान्य वाचकाला तिचा पत्ताही लागला नाही.

वास्तवाने मात्र याची परतफेड केली. 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह'च्या मुखपृष्ठासाठी रिचर्ड चॉपिंग या चित्रकाराला बूथ्रॉइड यांनी आपले ट्रिगरभोवतीचे कडे कापलेले रिव्हॉल्व्हर पाठवले होते. त्याच सुमारास ग्लासगोजवळ तिघांचा खून झाला, आणि पोलीस त्या रिव्हॉल्व्हरच्या चौकशीसाठी बूथ्रॉइड यांच्या दारात आले. त्यांचा त्या गुन्ह्याशी काहीही संबंध नव्हता. त्यांचे शस्त्र त्या वेळी लंडनच्या साहित्यविश्वात, एका गुलाबाशेजारी, चित्रासाठी पडले होते. कादंबरीत आपण लपवणाऱ्याच्या बाजूला असतो, कारण आरशात त्याच्याबरोबर आपणही पाहतो. खऱ्या रस्त्यावर तो आरसा नसतो, आणि तिथे आपण सगळेच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेलो असतो.