पिंपाचा हिशेब



ताप आला की आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतो. सर्दीच्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिन असतं. या दोन्हींच्या मागे कुठल्या तरी कारखान्यातलं रसायनाचं पिंप असतं. तेच पिंप वाट चुकलं, तर त्यातून औषधाऐवजी नशा तयार होते. ही वाट अडवायचे प्रयत्न कसे सुरू झाले आणि सरकारला त्यासाठी कारखानदारांची साथ का मागावी लागली, हा इतिहास आज ऐकू या.

जुन्या काळी पहारा असायचा तो शेतावर. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती, तेव्हा या प्रांतात गांज्याची लागवड निमाड जिल्ह्यात, खंडव्याकडे, सरकारी परवान्याने होत असे. १८९३ साली इंग्रज सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, त्यानेही या पद्धतीचा विचार केला. अफूसाठी १८५७ आणि १८७८ चे कायदे होते, पुढे १९३० चा घातक औषधांचा कायदा आला. झाड कुठे लावलं, बोंड किती निघालं, माल कुठे ठेवला, एवढा हिशेब सरकार ठेवायचं. त्यात माणसाचं भलं किती आणि महसूल किती, हा प्रश्न वेगळा.

पण तोवर नशा शेतातून प्रयोगशाळेत पोचली होती. १८७४ मध्ये लंडनमध्ये राइट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अफूतल्या मॉर्फिनपासून एक नवा पदार्थ केला. १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने तोच खोकल्याचं औषध म्हणून ‘हेरॉइन’ या नावाने बाजारात आणला. त्याचं व्यसन किती जबर आहे, हे जगाला कळायला काही वर्षं लागली. हेरॉइनसाठी अफूइतकंच महत्त्वाचं असतं ते अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड, व्हिनेगरसारखा उग्र वास मारणारं एक रसायन. आता अडचण बघा. हेच रसायन पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन, रंग आणि कृत्रिम धाग्यांच्या उद्योगात लागतं. गांज्याचं रोप उपटून टाकता येतं. या रसायनावर बंदी घातली, तर औषधांचे कारखानेच बंद पडतील.

आपल्याकडे १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा झाला. १९८६ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभाग, म्हणजे एनसीबी स्थापन झाला. डिसेंबर १९८८ मध्ये व्हिएन्ना इथे संयुक्त राष्ट्रांचा करार झाला आणि त्यात पहिल्यांदाच अशा बारा रसायनांची यादी आली. आज ती यादी तीसच्या पुढे गेली आहे. भारताने १९८९ मध्ये कायद्यात ९-अ हे कलम घातलं, १९९३ मध्ये नियंत्रित पदार्थांचा आदेश काढला आणि २०१३ मध्ये त्याच्या जागी नवा आदेश आणला.

या आदेशाचं सार आपल्या घरच्या हिशेबाच्या वहीसारखंच आहे. अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड, एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन अशी रसायनं बनवणाऱ्याने, विकणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने एनसीबीकडे नोंदणी करायची. विकणाऱ्याने घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक तपासायचा. रोजचा साठा लिहायचा, दर तीन महिन्यांनी विवरण पाठवायचं. माल हरवला तर कळवायचं. परदेशी पाठवायचा तर ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचं. आदेश मोडला तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मग कायदा असताना उद्योगाची वेगळी साथ कशाला? कारण कायद्याला यादीतली नावंच ओळखू येतात. एक रसायन यादीत आलं, की नशा बनवणारे यादीबाहेरचं दुसरं शोधतात. म्हणून १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय मादक पदार्थ नियंत्रण मंडळाने यादीबाहेरच्या रसायनांची एक विशेष देखरेख-सूची केली आणि २००९ मध्ये रसायन उद्योगासाठी स्वेच्छेने पाळायच्या आचारसंहितेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सांगणं साधं आहे: आपला गिऱ्हाईक ओळखा. नवाच माणूस भावाची घासाघीस न करता रोख पैसे मोजतो, त्याच्या धंद्याला न शोभेल एवढा माल मागतो, कारखान्याऐवजी भलत्याच पत्त्यावर पोचवायला सांगतो, तेव्हा माल देण्याआधी थांबा आणि कळवा. हे दिल्लीतल्या अधिकाऱ्याला दिसत नाही. ते दिसतं ऑर्डर घेणाऱ्याला आणि गोदाम सांभाळणाऱ्याला.

पण राखणदारच चोराला सामील झाला तर? २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यातून एफेड्रिनचा टनावारी साठा पकडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांची कारवाई दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यापर्यंत पोचली. तिथे बनत होतं ते मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’. हा पदार्थ आपल्या कायद्याच्या यादीत आला तो २०१५ मध्ये. म्हणजे उद्योगावर विश्वास हवा, पण त्याच्या जोडीला तपासणीही हवीच. नुसत्या विश्वासाने वही कोरी राहते, आणि नुसत्या धाकाने ती खोटी लिहिली जाते.

हे सगळं आपल्यापासून लांब आहे, असं वाटत असेल तर ऑगस्ट २०२४ आठवा. महसूल गुप्तचर संचालनालयाने आपल्याच नागपुरात, पाचपावली भागात, एका बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत मेफेड्रोनचा कारखाना पकडला. सुमारे बावन्न किलो द्रवरूप माल, किंमत ७८ कोटी रुपये. चहूबाजूंनी वस्ती, शेजारी नांदती घरं. तिथे लागलेली रसायनं काही आभाळातून पडली नव्हती. कुणीतरी विकली, कुणीतरी वाहून आणली, कुणीतरी जागा दिली.

मैत्रिणींनो, हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत आपल्या कितीतरी जणी पॅकिंगला, स्टोअरला, हिशेबाला आहेत. काहींची स्वतःची छोटी दुकानं आहेत, काहींनी खोल्या आणि शेड भाड्याने दिल्या आहेत. साठ्याच्या नोंदवहीत दोन पिंपं कमी भरली, तर ‘लिहून टाक बाई, चालतंय’ असं कुणी म्हणेल. तिथे सही करू नका. भाडेकरू दिवसा कुलूप लावतो आणि रात्री उग्र वास येतो, तर स्वतः आत डोकावायला जाऊ नका, १९३३ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. पोरगं नशेला लागलं की रात्री जागते ती आईच. तिची झोप वाचवायची असेल, तर सुरुवात पिंपाच्या हिशेबापासून करावी लागते.