संगणक-जुळणी, घरगुती
सुटे भाग निवडून स्वतः उभा केलेला डेस्कटॉप संगणक. बोलण्यात ‘असेंबल्ड पीसी’. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील लोधीखेडा, सौंसर या भागाला अशा खरेदीसाठी जवळची मोठी बाजारपेठ नागपूरची. चुकीचा भाग बदलायला पुन्हा तेवढाच प्रवास करावा लागतो. म्हणून भागांचा मेळ घरीच कागदावर जुळवून निघावे.

सुरुवात सॉकेटपासून, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेपासून करतात. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात. २०२२ च्या एएम५ मध्ये पिना मदरबोर्डवर गेल्या आणि १७१८ झाल्या. एकावरचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमच्या काठाची खाचही वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे रॅम बसत नसेल तर जोर लावू नये.

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक भाग एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग. त्यावरची ‘८० प्लस’ ही खूण फक्त कार्यक्षमतेची हमी देते. विजेच्या चढउतारापासून संरक्षणाची नव्हे. वीज वारंवार जात असेल तेथे महागड्या ग्राफिक्स कार्डाआधी चांगला एसएमपीएस व यूपीएस घ्यावा, हेच शहाणपणाचे. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाच्या वीजवापराची बेरीज करून वर थोडी वॅट-क्षमता राखावी.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. पंखा कितीही मोठा असला तरी भाग खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पुढून जाळीदार कॅबिनेट घ्यावे. धुळीसाठी काढून धुता येणारी गाळणी असावी. जुनी एसएसडी घेताना तिची ‘स्मार्ट’ नोंद उघडून आजवर किती डेटा लिहिला गेला ते पाहावे.