माळवदाचं घर: दोष नेमका कुठे होता?

संशोधनाचा विषय ठरला की आपण आधी दप्तरखान्याकडे धावतो. पण शेतकऱ्याचं घर हेही एक दप्तरच असतं. ते घाईने वाचलं की काय होतं, ते माझ्याच उदाहरणावरून सांगते.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसं गेली, बहुतेक जण स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. 'जुनी बांधणीच जीवघेणी' असं तेव्हापासून सर्रास म्हटलं जातं. माझ्या पहिल्या मसुद्यातही हेच वाक्य होतं. मार्गदर्शकांनी त्याच्या शेजारी एवढंच लिहिलं: "बांधणीतला कोणता भाग?"

तेव्हा मी माळवदाचं घर सुटं करून पाहिलं. लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर फळ्या आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. खांबांमधली जागा म्हणजे खण. घर केवढं, हे तिकडे खणांत सांगतात. वरची माती पांढरी, जुन्या वस्तीच्या जागेतली. गावाच्या जागेला 'पांढरी' आणि शेतीला 'काळी' म्हणतात, त्यातलीच ही पांढरी. या मातीमुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो. धान्याचं बळद आणि जनावरांची दावणही त्याच भिंतींच्या आत.

आता दोष शोधू. छपराचं ओझं लाकडी सांगाडा पेलतो, भिंत नाही. पण भिंत दोन फूट, कधी चार फूट जाड. ओबडधोबड दगडांचे आत-बाहेर दोन थर, मध्ये भर आणि सांधायला नुसती माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगडच नाहीत. हादरा बसला तसे थर एकमेकांपासून सुटले. शिवाय गळती थांबवायला छपरावर नवी माती पडत गेली, जुनी काढली गेली नाही. ओझं वाढतच राहिलं. तरीही कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या आणि लाकडी सांगाडा उभाच राहिला!

म्हणजे एकाच घरात मारणारी भिंत होती आणि टिकणारा सांगाडाही होता. दोन्हींना मिळून 'परंपरा' म्हटलं की दोन्ही दिसेनासे होतात. याची किंमत लोकांनी मोजली. पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथल्या सरळ रेषेतल्या घरांत गोठा, धान्य, अवजारं यांचा विचार फारसा नव्हता. मग अनेकांनी ती जागा आपली आपणच जोडून घेतली.

तुम्ही अशा गावात जाल तेव्हा "जुनं घर चांगलं होतं का?" असं विचारू नका. "घर किती खणांचं होतं? माळवदावर शेवटची माती कधी टाकली होती?" असं विचारा. उत्तरं नेमकी मिळतील. आणि ज्या घरातलं माणूस गेलंय, तिथे आधी वही मिटून बसा. प्रश्न नंतर.